नेसरीकरांची हजेरी

जयसिंगपुरात अकराव्या गल्लीच्या तोंडाशी हेमलता मगदूमचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स आता कुणी फारसं काढत नाही, पण पाटी तीच राहिली आहे. उत्पन्नाचे दाखले, शाळेचे अर्ज, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले असलं सगळं ती भरून देते. गुरुवारी सकाळी असाच एका आजोबांचा दाखला भरता भरता तिने शेजारच्या दुसऱ्या संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि तिची बोटं थांबली.

मुरलीधर नेसरीकर : ५८. दिवस विसावा.

"काय झालं बाई? मी नाही का त्यात?" आजोबांनी विचारलं.

"आहात की. अंगठा ठेवा."

आजोबा हयात असल्याचं सिद्ध होऊन गेले. हेमलताने दाराला अर्धी फळी लावली आणि दुसऱ्या पडद्यासमोर बसली.

तो पडदा 'निर्मळ'चा. तालुक्याच्या दवाखान्यांतली स्वस्तातली डायलिसिस मशिनं ज्या प्रणालीवर चालतात, ती ही. कुठल्या कंपनीची नाही. तिचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. मात्र सुचवलेली दुरुस्ती आत घ्यायची की नाही, हे मोजके लोक ठरवतात. नवा आलेला पाहुणा, टिकला तर सदस्य, मुरला तर तपासनीस, आणि सगळ्यांत वर तीन राखणदार. ज्यांनी काम थांबवलं ते 'विश्रांत'. दोनशे चौदा केंद्रं, चौदाशे सदस्य, आणि कोण कुठल्या पायरीवर आहे याची यादी सांभाळणारी नोंदकर्ती एक. हेमलता.

ती कॉलेजची पायरी चढली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी एका मशिनचा मराठी मजकूर चुकलेला दिसला म्हणून तिने भीत भीत दुरुस्ती पाठवली, तेव्हा पलीकडून नेसरीकरांचं उत्तर आलं होतं : "शब्द बरोबर. जागा चुकली. पुन्हा करा." तिने सात वेळा पुन्हा केलं. आठव्यांदा ते म्हणाले, "आता कळलं का मी पहिल्यांदाच का घेतलं नाही?" तिला कळलं होतं. आयुष्यात कुणीतरी पहिल्यांदाच तिला सात वेळा परत पाठवण्याइतकं मोजलं होतं.

नेसरीकर गडहिंग्लजचे. साखर कारखान्यात मीटर दुरुस्त करत उभी हयात गेली. 'निर्मळ'ची पहिली ओळ त्यांची. आज अडुसष्ट वर्षांचे, अजून राखणदार.

आणि उद्या संध्याकाळी पाच वाजता यंत्र त्यांना गोठवणार होतं.

फोन वाजला. मिरजेचा इरफान मुल्लाणी, दुसरा राखणदार.

"ताई, काकांचा आकडा बघितला?"

"बघतेय."

"खातं चोरीला गेलंय. मी सांगतो तुम्हाला."

"कशावरून?"

"माझ्यावरून. गेल्या महिन्यात मी एक बदल पाठवला होता. काल बसल्या बसल्या मलाच त्यात चूक सापडली. मध्येच वीज गेली आणि मशिन परत सुरू झालं, तर पेशंटच्या अंगातून किती पाणी काढलं ते विसरतं आणि पहिल्यापासून काढायला लागतं. दोनदा काढतं, ताई! बीपी कुठल्या कुठं जाईल. मी तो बदल काल मागे घेतला, कुठल्या केंद्रावर गेला नव्हता अजून. पण काकांनी तो पास केलेला. अकरा मिनिटांत. खाली 'छान' असं लिहून."

हेमलताने तो बदल उघडून बघितला.

"काका 'छान' लिहितात का कधी? माझ्या लग्नात जेवण कसं झालं विचारलं, तर म्हणाले, 'मीठ तपासून घ्यायला हवं होतं.' तो माणूस नाही हा. दुसरा कुणीतरी बसलाय त्यांच्या खात्यात. मी म्हणतो, पाचची वाट कशाला बघायची? आत्ताच गोठवा."

"उद्यापर्यंत थांब. मी जाऊन भेटते."

"नियम तुम्हीच लिहिलाय ताई."

"माहितीय रे मला, कुणी लिहिलाय ते."

हा नियम ज्या यंत्रासाठी लिहिला, त्याचं नाव हातखूण. माणसाच्या लिहिण्याची नक्कल करणं हा एव्हाना पोरखेळ झाला होता. कुणाच्याही दहा ओळी दिल्या की अकरावी बेमालूम लिहून देणारी यंत्रं गल्लोगल्ली झाली होती, त्यामुळे सहीला, भाषेला, लकबीला पुरावा म्हणून काही किंमत उरली नव्हती. पण माणूस ज्या वाटेने विचार करतो ती वाट चोरणं अवघड. काम करताना तो आधी काय उघडतो, कुठे थबकतो, कुठल्या शंकेसाठी तीन पानं मागे जातो, काय लिहून खोडतो. घरातलं माणूस जिन्यावरच्या पावलांवरून ओळखू येतं ना, तसंच हे. हातखूण ही पावलं वर्षानुवर्षं ऐकते आणि रोज शंभरातला एक आकडा देते : हा माणूस आज स्वतःशी किती जुळला. साठाच्या खाली सलग एकवीस दिवस गेला, की त्याचे अधिकार गोठतात आणि सगळ्या सदस्यांना, सगळ्या केंद्रांना एकच सूचना जाते : 'खात्यात परका हात.'

आकडा राखणदारांनाही दिसतो. आलेख मात्र फक्त नोंदकर्तीला. हेमलताने तो उघडला.

चोरीचा आलेख कड्यासारखा असतो. काल नव्वद, आज तीस. हा तसा नव्हता. गेल्या वर्षीच्या जुलैपर्यंत सपाट माळ, आणि तिथून पुढे चौदा महिने हळूच, सवडीने उतरत गेलेली एक रेघ. मध्ये कुठेही धक्का नाही. कुणी शिरलं नव्हतं. कुणीतरी निघून चाललं होतं.

हातखूण मुळात नेसरीकरांनीच लिहिली होती, चार वर्षांपूर्वी. तिच्या कोडमध्ये या ठिकाणी त्यांची टीप होती : 'आकडा असा हळूहळू उतरला तर? मला माहीत नाही. माणसाला जाऊन विचारावं.'

हेमलताला धास्ती एकट्या आलेखाची नव्हती. 'निर्मळ'मध्ये दर तीन महिन्यांनी एक तारखेला हजेरी असते. प्रत्येकाने यादीत येऊन स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची : आहे, आणि अमुक काम करतोय. सलग दोन हजेऱ्या चुकल्या की माणूस आपोआप विश्रांत. राखणदार असो की आणखी कुणी. एप्रिलमध्ये नेसरीकरांची ओळ आली नाही. तिने फोन केला तर ते म्हणाले, "राहिलं बघ. तूच लिही की, मी आहेच ना." तिने नोंदकर्तीचा अधिकार वापरून लिहिली. जुलैमध्येही आली नाही. तेव्हा तिने फोनसुद्धा केला नाही. लिहून टाकली. कॉलेजात न गेलेल्या बाईने पन्नाशीच्या तोंडावर कुणाची तरी प्रॉक्सी लावली होती, आणि तीही प्रेमाने.

शुक्रवारी दुपारी दोनला ती गडहिंग्लजला उतरली.

"काय गं, न सांगता?" नेसरीकरांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. "इंदू, हेमा आलीय. चहा टाक."

आतून इंदूकाकू डोकावल्या. "नुसता चहा कशाला? थांब, थालीपीठ लावते."

पुढच्या खोलीत टेबलावर नेसरीकरांचा संगणक सुरू होता. हेमलता समोरच्या खुर्चीत बसली. तीन तासांत कसं बोलायचं याचा बसमध्ये केलेला सगळा सराव विरून गेला.

"किती आहे आज?" त्यांनीच विचारलं.

"काय?"

"उगाच वेड पांघरू नकोस. आकडा."

"सत्तावन्न."

"काल अठ्ठावन्न होता." ते खुर्चीत मागे टेकले. "मी रोज बघतो. माझंच यंत्र आहे. चांगलं चालतंय की नाही ते बघायला नको?"

"काका, डॉक्टरांना दाखवलंत?"

"कशाला? दाखवलं की ते नाव ठेवणार. नाव ठेवलं की सगळे त्याच नावाने हाक मारणार." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून आवाज उतरवला. "इंदूला काही बोलू नकोस. तिला ठाऊक नाही."

मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. यादी, त्यांचं नाव, नावापुढे एक हिरवं बटण, जे फक्त नोंदकर्तीच्या खुणेने उघडतं : 'प्रत्यक्ष भेट झाली. माणूस तोच आहे.' ते दाबलं की एकवीस दिवसांची मोजणी मिटते आणि पुढचे नव्वद दिवस यंत्र गप्प बसतं.

"भेट झाली ना प्रत्यक्ष?" नेसरीकर म्हणाले.

"झाली."

"मी मीच आहे ना?"

"आहात."

"मग दाब की."

हेमलताने हात मांडीवरून हलवला नाही.

"काका, इरफानचा वीज जाण्याचा बदल तुम्ही पास केला होता."

"कुठला?"

तिने सांगितलं. पाणी दोनदा काढलं जातं, हे सांगितलं. ते ऐकत होते. चेहरा आधी नुसता ऐकण्याचा, मग आठवण्याचा, मग त्यांनी संगणकावर तो बदल शोधून काढला. खाली स्वतःचं नाव, स्वतःचं 'छान'.

"हे मी लिहिलंय?"

"हो."

"गेला कुठं हा? मशिनवर?"

"नाही. इरफानने परवा मागे घेतला."

"मग झालं तर!" त्यांचा आवाज एकदम चढला. "एक चूक. एक! तुझ्या किती परत पाठवल्यात मी? तेव्हा तुला काढलं होतं का? आणि आता मला काढायला आलीस, होय? थालीपीठ खायला येते आणि खुर्ची घेऊन जाते!"

आतला तव्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"मी काढायला आले नाही," हेमलता म्हणाली. "पाच वाजता यंत्र काढणार आहे. 'परका हात' म्हणून. चौदाशे लोकांना वाटेल तुमचं खातं चोराने वापरलं. तसं मी होऊ देणार नाही. पण हे बटण दाबलं तर नव्वद दिवस तुम्ही पास करत राहाल आणि लोक डोळे मिटून घेत राहतील. कारण तुम्ही आहात. इरफानला तुम्ही चुकलात यापेक्षा चोर शिरला हे पटतंय, काका. इतका विश्वास आहे त्याचा. म्हणून मी घाबरलेय."

नेसरीकरांनी तो बदल पडद्यावरून बंद केला.

"मी एक वाट काढलीय. तुमच्या आजाराचं कुणाला सांगायला नको." तिने पिशवीतून आपला टॅब काढला. बसमध्ये लिहिलेला मजकूर त्यांच्यापुढे धरला.

'एप्रिल आणि जुलै या दोन्ही हजेऱ्यांना मुरलीधर नेसरीकर यांची ओळ आली नव्हती. ती मी, नोंदकर्ती हेमलता मगदूम हिने, त्यांच्या नावाने लिहिली. ही माझी खोटी नोंद आहे. नियमाप्रमाणे ते १ जुलैपासून विश्रांत आहेत. त्या तारखेनंतरच्या त्यांच्या सर्व मंजुऱ्या रद्द धराव्यात व पुन्हा तपासाव्यात. मी नोंदकर्तीचं काम सोडते आहे.'

त्यांनी एकदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"तुला काढतील."

"काढू देत."

"नऊ वर्षं झाली ना गं?"

"झाली. पण हे खरं आहे काका. एक अक्षर खोटं नाही. तुम्ही इतरांसारखेच हजेरी चुकून विश्रांत झालात. दर हजेरीला कुणी ना कुणी होतं. कुणी विचारणारही नाही."

साडेतीन वाजले होते. इंदूकाकूंनी थालीपिठाच्या ताटल्या आणून ठेवल्या, दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि लोणी आणायच्या निमित्ताने परत आत गेल्या.

नेसरीकर तिसऱ्यांदा वाचत होते. आता त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. ते थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. हे बोट हेमलताने प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं, पण पडद्यापलीकडून नऊ वर्षं अनुभवलं होतं.

"नाही चालणार," ते म्हणाले.

"का?"

"मंजुऱ्या कधीपासून रद्द करतीस?"

"एक जुलै."

"आणि माझा उतार कधी सुरू झाला?"

हेमलताला चूक दिसली.

"आलेख तू बघितलास. मी रोजचा आकडा बघितला. गेल्या जुलैपासून आहे तो. चौदा महिने. तू अडीच महिन्यांचं झाकून घेतलंस, आणि मधलं वर्षभर मी जे काय पास केलं, ते तसंच मशिनांवर चालू दे? त्या मशिनांना माणसं लावलेली असतात, हेमा. आठवड्यातून तीनदा." त्यांनी टॅब तिच्याकडे सरकवला. "हेतू चांगला. भोक मोठं. परत कर."

"परत करायचं तर कारण लिहावं लागेल. वर्षभराच्या मंजुऱ्या नुसत्या हजेरीवरून रद्द होत नाहीत."

"मग लिहू."

"आपल्याकडे सगळं उघड्यावर असतं. चौदाशे लोक वाचतील. गावातल्या केंद्रातली पोरं वाचतील."

"उघड्यावर असावं असं कोण म्हणालं होतं सुरुवातीला?" ते किंचित हसले. "मीच होतो तो शहाणा. दे इकडं."

त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. चार ओळी लिहायला चाळीस मिनिटं लागली. एक शब्द सापडेना म्हणून त्यांनी तिला खुणेने विचारला, हवेत हात फिरवून. 'स्मरण' हवा होता. तिने सांगितला. त्यांनी लिहिलं :

'गेले चौदा महिने माझं स्मरण आणि लक्ष कमी होत आहे. मला ते समजत होतं. मी सांगितलं नाही. या काळातल्या माझ्या सर्व मंजुऱ्या पुन्हा तपासा. खात्यात परका हात नाही. हात माझाच आहे. – मु. नेसरीकर'

दोन्ही मजकूर एकाखाली एक लागले. पाचला वीस कमी. हेमलताचं बोट 'पाठवा'वर गेलं.

"थांब."

"काका, वेळ नाही."

"चौदाशे लोकांच्या आधी एकीला सांगायला पाहिजे." ते उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, एक हात चौकटीला. हेमलताला त्यांची पाठ दिसत होती. "इंदू, गॅस बंद कर जरा. मला काहीतरी..."

पुढचं त्यांनी हळू सांगितलं. हेमलताने मुद्दाम घड्याळाकडे पाहत बसायचं ठरवलं. सतरा कमी. चौदा कमी. आतून रडण्याचा आवाज येईल असं तिला वाटत होतं. आवाज आला तो डबा उघडल्याचा.

इंदूकाकू बाहेर आल्या. हातात रॉकेलच्या जमान्यातली वाटावी अशी जुनी, पिठाचे डाग पडलेली वही.

"चौदा महिने लिहिलंय यांनी?" त्यांनी हेमलताला विचारलं.

"हो काकू."

"चुकीचं आहे." त्यांनी चष्म्याशिवाय, वही लांब धरून वाचलं. "गेल्या वर्षी, मे महिना, नऊ तारीख. मला माझ्या बहिणीकडून आणायला निपाणीला निघाले आणि संकेश्वरहून परत आले. रस्ता बंद आहे म्हणाले. रस्ता बंद नव्हता. मी निपाणीच्या स्टँडवर तीन तास बसलेली. हे पहिलं. मग सतरा मे, मग एकोणतीस. सगळ्या तारखा आहेत."

"तू लिहून ठेवत होतीस?" नेसरीकर दारातच होते.

"मग काय करणार? तुम्ही बोलत नव्हता. तुम्हाला कळू नये म्हणून पिठाच्या डब्यात ठेवली. तुम्ही कधी त्यात हात घालता?" काकूंनी वही मिटली. "यंत्राला दोन महिने उशिरा कळलंय. चौदाचे सोळा करा बाई."

हेमलताने नेसरीकरांकडे पाहिलं. ते बायकोकडे बघत होते, सात वेळा परत पाठवलेली दुरुस्ती अखेर बिनचूक आल्यावर बघावं तसं.

"कर," ते म्हणाले. "तिचं बरोबर आहे."

चौदाचे सोळा झाले. पाचला सहा मिनिटं असताना मजकूर गेला. हेमलताने यादीत त्यांच्या नावापुढचा 'राखणदार' काढून 'विश्रांत' लिहिलं. मोजणी थांबली, सूचना निघाली नाही. नोंदकर्ती म्हणून तिने केलेला तो शेवटचा बदल.

दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग चंदगडच्या केंद्रातून कुणा सिस्टर पाटलांची ओळ आली : 'वाचलं. आमच्याकडच्या तीन मशिनांवर आजपासून पाण्याचं माप हाताने घेऊ. मंजुऱ्यांची यादी तयार झाली की कळवा.' तिच्यामागून आजऱ्याची तशीच. मग ओळी मोजण्यापलीकडे गेल्या. सहानुभूतीच्या थोड्या, कामाच्या जास्त.

इरफानचा फोन स्पीकरवर घेतला.

"काका," तो म्हणाला, "सोळा महिन्यांत त्र्याण्णव मंजुऱ्या आहेत. मी पहिलीपासून सुरू करतो."

"शेवटून कर," नेसरीकर म्हणाले. "शेवटच्या जास्त बिघडलेल्या असणार."

"हां. बरोबर." मग तो म्हणाला, "ताई, तुमचं नाव मला खाली आणावं लागेल. खोट्या नोंदीला एक वर्ष पाहुणा, असा नियम आहे."

"आण."

"तुम्ही बघत असताना नको ना. पडदा बंद करा."

तिने टॅब पालथा घातला. काकूंनी तिच्या ताटलीतलं गार झालेलं थालीपीठ उचललं आणि गरम दुसरं ठेवलं. तिने ते सगळं खाल्लं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

सहाच्या बससाठी नेसरीकर तिला स्टँडपर्यंत सोडायला आले. काकूही निघाल्या, दोन पावलं मागून, पाकीट आणि किल्ल्या स्वतःकडे घेऊन. उद्या सकाळी कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं, ते वाटेत बोलून झालं. फुटपाथवर भाजीवाल्यांनी पाट्या मांडल्या होत्या, त्यातून वाट काढत ते तिघे चालले.

"यादी आता कोण बघणार गं?" नेसरीकरांनी विचारलं.

"इरफान बघेल, काका. दुसरं कुणी मिळेपर्यंत."

"चांगला आहे तो. जरा घाई करतो, एवढंच." त्यांनी मान हलवली. पोस्टाच्या कोपऱ्यावर रस्ता ओलांडताना त्यांनी तिचा दंड धरला, रिक्षा जाऊ दिली, मग पुढे झाले. दहा पावलं गेल्यावर ते तिच्याकडे वळले.

"हेमा, यादी आता कोण बघणार गं?"

"इरफान बघेल, काका," हेमलता म्हणाली, मघाशी म्हणाली होती अगदी तशीच. "दुसरं कुणी मिळेपर्यंत."